देव जेवायला बसले तो खडक

अकोल्याच्या बाजारातून मला सरळ चालणं कठीण झालं आहे. दर चार पावलांवर कोणी तरी आडवा येतो. "सखारामजी, बेटं पाहून आले ना तुमी? मंग आमालेबी एखादी यादी करून द्या. कुठं उतराव, काय पाहाव, किती येळ थांबाव." कापसाच्या भावानं सगळ्यांनाच पंख फुटले आहेत. ज्यांच्या गाडीच्या चाकाला कालपरवा धड लोखंडी धाव नव्हती, त्यांनी चांदीच्या पट्ट्या ठोकल्या. त्यांत मीही आलो, लपवत नाही. आणि आता सगळ्यांना समुद्र पाहिजे. मी यादी देत नाही म्हटलं की म्हणतात, सखाराम माजला. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. वाचा, आणि मग मागा माझ्याजवळ यादी!

लिहिणं माझंच आहे. आमच्या बाळापूरच्या शाळामास्तरांनी ते पुणेरी वळणाचं करून दिलं. बोलणी मात्र मी त्यांना सुधारू दिली नाहीत. माझ्या मायच्या तोंडी ते 'मला' आणि 'तुला' घालायला निघाले होते, तेव्हा मी वहीच ओढून घेतली.

यादी

मुंबईचे एक भाटिया शेठ दरसाल आमचा कापूस घेतात. यंदा ते इतके खुशीत होते की त्यांनी आपल्या माणसांना बेटं दाखवायला एक आगबोटच ठरवली. आधी कोकणाच्या खालच्या अंगाचं एक नारळांचं बेट, मग पाण्यातला एक किल्ला, मग मलबाराकडचं मिऱ्यांचं बेट आणि शेवटी लंका. लंका हे नाव ऐकल्यावर मी कशाला मागं राहतो! घरी येऊन आधी गावभर सांगितलं आणि मग मायला.

शेठजींचा निरोप होता, "बोट कुठं किती तास थांबेल ते कप्तान सांगेल. त्या तासांत तुमची वऱ्हाडची मंडळी कुठं जाणार, काय पाहणार, ते तुम्हीच ठरवून ठेवा." वऱ्हाडची मंडळी म्हणजे तिघं. मी, माझी माय आणि अमरावतीचे जोशीबुवा. जोशीबुवा आमचे मुहूर्त काढतात. त्यांना घेतलं ते यासाठी, की समुद्र ओलांडला म्हणून उद्या कोणी बोट दाखवलं तर पुढं करायला एक ब्राह्मण जवळ असावा.

मी यादी करायला बसलो. नवीन खिशातलं घड्याळ समोर ठेवलं. बैलगाडीनं लांब जाताना आपण मुक्काम कसे ठरवतो? पाणी कुठं, सावली कुठं, बैल सोडायचे कुठं. त्याच हिशेबानं मी बेटांचे मुक्काम ठरवले. पहिल्या बेटाची माहिती शेठजींच्या मुनिमाकडून मागवली: एक देऊळ, एक पायऱ्यांची विहीर, नारळाची वाडी आणि गूळ करतात ती जागा. प्रत्येकाला अर्धा-पाऊण तास दिला. जोशीबुवांनी पंचांग पाहून उतरायचा दिवस सांगितला, माघी पौर्णिमा. "बेटावर देवांना स्नान घालायला याहून उत्तम दिवस नाही." शेठजींनीही आमच्या पौर्णिमेप्रमाणे बोट एक दिवस पुढं ढकलली. माझी छाती किती फुगली म्हणून सांगू!

देवांना स्नान कशाला, तर ते आमच्याबरोबर निघाले होते. ते ऐकून मीच हबकलो होतो. माय म्हणाली, "सून बाळंतपणाले माहेरी गेली. घराले कुलूप लावशीन तू. मंग देवाले पानी कोन घालन?" तिनं देव्हाऱ्यातले पाचही चांदीचे टाक, ठसा उठवलेले ते छोटे पत्रे, लाल फडक्यात बांधले. चार टाक देवांचे: भवानी, खंडोबा, बहिरोबा, रेणुका. पाचवा माझ्या बापाचा. बाप गेल्यावर रीतीप्रमाणे त्याचा टाक करून घेतला होता, घोड्यावर बसलेला वीर. माझा बाप जन्मात घोड्यावर बसला नव्हता, बैलांच्या शेपट्या पिळण्यातच त्याचं आयुष्य गेलं. पण सोनाराजवळ ठसा घोड्याचाच होता. माय रोज सकाळी त्याला पाणी घालताना म्हणायची, "बसले का घोड्यावर? बसा." देवांना ती एवढं बोलत नसे. आणि देवांना पाणी पडल्याशिवाय ती अन्नाला शिवत नसे. कापसाचा पैसा आल्यावर मी म्हटलं होतं, माय, आता सगळे टाक सोन्याचे करू. तर तिनं माझ्याकडं असं पाहिलं की मी पुन्हा तो विषय काढला नाही.

आगबोट

मुंबईपर्यंतचं काही सांगत नाही. आगगाडीचे रूळ जिथवर आले होते तिथवर बैलगाडीनं आणि पुढं आगगाडीनं गेलो, अंग खिळखिळं झालं. मुंबईत गोदीच्या दगडी धक्क्यावरून एकदम बोटीवर चढवलं आणि बोट निघाली तेव्हा कुठं मी समुद्र नीट पाहिला. समुद्र म्हणजे खूप मोठी नदी असेल, असं माझ्या मनात पक्कं होतं. मी समोरचा काठ शोधत राहिलो. काठच नव्हता! अरे बापा, मी कठडा धरून खालीच बसलो. जोशीबुवा तर पहिल्याच दिवशी आडवे झाले आणि पडल्यापडल्या स्वतःचीच कुंडली तपासू लागले.

मायनं बोटीवर देव फडक्यातून सोडले नाहीत. आमच्या शेजारी कोंबड्यांचं खुराडं, डोक्यावर खलाशांचे जोडे. "इथं नाही सोडत मी देव," ती म्हणाली. देवांना पाणी नाही म्हणून हिला अन्न नाही. दीड दिवस घरच्या तांब्यातल्या पाण्यावर बसली. मी चिडलो, विनवण्या केल्या, शेवटी यादी काढून दाखवली. "हे पाह्य माय, उतरल्याबरोबर पयला तास देवाचा." तेव्हा कुठं ती हसली.

बेट, सकाळ

बोटीनं मध्यरात्रीच नांगर टाकला होता, तांबडं फुटताना आम्हाला उठवलं. आधी मचव्यातून, आणि मचवा वाळूत रुतल्यावर पाण्यातून चालत, आम्ही बेटावर उतरलो. मचवा हाकणारे खारवी लोक बायकांनाही पाठीवर घेऊन उतरवत होते. मायनं लुगडं खोचलं आणि आमच्या बाळापूरची मन नदी ओलांडावी तशी गुडघाभर पाण्यातून तरातरा निघाली.

पाहतो तर जिकडंतिकडं तांबडी माती. असल्या मातीत कापसाची पराटी कशी उगवावी? मी चिमूटभर घेऊन हुंगली, गेरूच. झाडं सगळी एकाच जातीची, वर शेंडी आणि खाली नुसता खांब. पण खरा धक्का पुढंच होता. किनाऱ्याची कोरडी वाळू सगळी मासळीनं भरलेली! चटयांवर मासळी, दोऱ्यांवर मासळी, तुळशीवृंदावनाच्या कट्ट्याला टेकवलेल्या टोपलीतही मासळी. माझी माय माळकरी. तिनं पदर नाकाशी धरला आणि जागच्या जागी उभी राहिली. जोशीबुवा "शिव शिव" म्हणत माझ्या मागं लपले.

मासळी उलटवत असलेली एक काळीसावळी बाई आमच्याकडं पाहून हसली. तिचं नाव जानकी, ते मला नंतर कळलं. तिला उत्तर द्यायला त्या वासात तोंड उघडावं लागलं असतं, म्हणून आम्ही नुसती मान हलवली.

मग मायला खाली जागा दिसली. पाणी जिथून मागं गेलं होतं तिथली वाळू ओली, घट्ट, सारवलेल्या अंगणासारखी साफ. माणसाचं पाऊल नाही, मासळीचा खवला नाही. मधोमध एक काळा सपाट खडक, बसायच्या पाटाएवढा. "देवानंच मांडून ठेवला," माय म्हणाली आणि निघाली.

वरून जानकी ओरडली, "थंय नको गे बाये! पाणी येतला थंय!"

मी ऐकलं. साफ ऐकलं, आणि मला रागच आला. वर पाहिलं, आभाळात ढगाचा तुकडा नाही. पूर यायला पाऊस लागतो. एकदा उतरलेला पूर त्याच दिवशी फिरून आलेला माझ्या बापानं पाहिला नव्हता की आज्यानं. मन नदीच्या काठी जन्म गेला माझा, आणि ही मला पाण्याचं शिकवते! मी हात झटकला आणि म्हटलं, "आमाले समजते, तुम्ही तुमचं पाहा."

मायनं पायऱ्यांच्या विहिरीचं पाणी मागवून पाचही टाक धुतले आणि खडकावर मांडले. "बसले का घोड्यावर? बसा." तीन दगडांच्या चुलीवर ज्वारीची भाकर भाजली. गूळ-तूप घालून नैवेद्य दाखवला आणि वर लाल फडकं पांघरलं. आमच्याकडं देव जेवत असताना माणसं तिथं थांबत नाहीत. माय उठली. "चला, त्याहिले जेऊ द्या." तिचंही जेवण त्याच नैवेद्यातलं होतं, परत आल्यावर.

मी घड्याळ पाहिलं. सगळं यादीबरहुकूम चाललं होतं.

देऊळ पाहिलं. कौलारू, शेणानं सारवलेलं, आत पाषाणाचा देव, आणि प्रसादात खोबरं. या लोकांचं सगळं खोबऱ्यात, भाजीत खोबरं, आमटीत खोबरं, डोक्याला त्याचंच तेल. विहीर पाहिली. विहिरीवर माय म्हणाली, "सख्या, चाल आता. जेवले असतीन देव."

"माय, यादीत अजून दोन जागा हायेत."

"मले नाही पाहाच्या."

"आता लंकेपर्यंत असंच करशीन का तू? एवढ्या लांबून आलो कायले मंग?"

दीड दिवसाची उपाशी बाई माझ्यामागं गुपचूप चालत राहिली. नारळाच्या वाडीत माझ्यापासून हातभर अंतरावर एक नारळ धपकन पडला, त्यावर मी आणि जोशीबुवा बराच वेळ हसत बसलो. गूळ करतात तिथं गूळ नव्हता, नुसती थंड चूल होती. तरी मी ती चूल पाहत पाऊण तास काढला, कारण यादीत पाऊण तास लिहिला होता.

बेट, दुपार

परत किनाऱ्यावर आलो तेव्हा मला वाटलं, वाट चुकलो. ते वाळूचं अंगण नव्हतं. चूल नव्हती. खडक नव्हता. मासळीच्या चटयांपर्यंत पाणीच पाणी, आणि ऊन असं लख्ख, आभाळ असं निळं, की माझ्या डोळ्यांवर माझाच विश्वास बसेना. पूर आला! पावसाशिवाय पूर!

माय ओरडली नाही. ती सरळ पाण्यात चालू लागली. कमरेएवढं पाणी झालं तरी थांबेना. जानकीनं हातातलं सूप टाकून धाव घेतली आणि तिला मागून मिठी मारली. "अगे म्हातारे, बुडशील! सांजेक सुकती झाली की पाणी जातला, तेवा बघूया!" माय तिच्या हातांत धडपडत होती. मासळीच्या हातांत! आणि मी काठावर उभा राहून यादीची घडी मुठीत आवळत होतो.

तिथल्या एका म्हाताऱ्या खारव्यानं तेव्हा आम्हाला समजावलं, की समुद्राचं पाणी रोज दोनदा चढतं आणि दोनदा उतरतं, आणि पौर्णिमा-अमावास्येला सगळ्यांत जास्त. "आजच्यासारखा पाणी महिन्यात दोनदाच," तो म्हणाला. जोशीबुवांचा चेहरा पांढराफटक पडला. "सखाराम, पौर्णिमा मीच काढली हो," एवढंच बोलले. आता कोणाला शिव्या देणार? दिवस त्यांनी काढला, जागा मायनं काढली, आणि ज्या एका बाईनं सांगितलं तिला मी झटकलं.

तेवढ्यात बोटीचा भोंगा वाजला.

शेठजी स्वतःही बोटीवर आमच्याबरोबर होते, ते मचव्याजवळून घाईनं आले. "सखारामभाई, कप्तान थांबणार नाही. पाणी आहे तोवरच बोट या खडकांतून बाहेर पडते. आईला समजवा. मुंबईला गेल्यावर पाचही देव सोन्याचे करून देतो, माझा शब्द."

माय वाळूत बसली होती, ओल्या लुगड्यानं. "सोन्याचे तुह्या घरी कर," ती त्यांना म्हणाली. मग माझ्याकडं वळली. "तू जाय. लंका पाहून ये. गावभर सांगून बसला तू. मी हाये इथं."

"माय, पाणी उतरलं तरी देव सापडतीन का? एवढ्या समुद्रात?"

"नाही सापडले तर नाही सापडले. पन तुह्या बापाले पान्यात टाकून मी जाऊ? कोनी शोधल्याबिगर?"

आता जे लिहितो ते मास्तरांनी वगळा म्हटलं होतं. मी वगळत नाही. मी मचव्यात चढलो. हो, चढलो. मनात म्हटलं, जोशीबुवांना हिच्यापाशी ठेवू, परतीच्या बोटीनं दोघांना नेऊ. पण जोशीबुवा माझ्याआधीच मचव्यात बसलेले! मचवा आठ-दहा वल्ही पुढं गेला. मी मागं पाहिलं. ऊन मी म्हणत होतं, आणि ती जानकी नारळाची एक झावळी दोन्ही हातांनी मायच्या डोक्यावर धरून उभी होती. परकी बाई माझ्या मायवर सावली धरून उभी, आणि मी लंकेला निघालो होतो. माया वगैरे नंतर, आधी मला लाज वाटली, अशी की कान तापले. मी तसाच पाण्यात उडी टाकली. पाणी गळ्यापर्यंत होतं आणि मला पोहता येत नाही. खारव्यांनी शेंडी धरून बाहेर काढलं. घड्याळ बंद पडलं ते आजपर्यंत.

बोट गेली. मी मायच्या शेजारी बसलो. ती म्हणाली, "काहून आला?" मी शेंडीतलं पाणी पिळत राहिलो.

बेट, संध्याकाळ

ऊन उतरू लागलं तसं पाणी खरंच मागं सरकलं. मी ते डोळ्यांनी पाहिलं म्हणून लिहितो, नाहीतर कोणी मला सांगितलं असतं तर मी त्याला खोटा म्हटलं असतं. ओली वाळू पुन्हा वर आली आणि मग काळा खडक. रिकामा. लाल फडकं कुठंच नव्हतं. मायच्या तोंडून तेव्हा पहिल्यांदा हुंदका फुटला.

जानकीनं वस्तीकडं तोंड करून हाक मारली. दहा-बारा बाया आल्या, लुगडी वर खोचलेल्या. रोज ओहोटीला त्या वाळूतल्या शिंपल्या काढतात, पायांनी. अंगठ्यानं वाळू चाचपायची, टणक लागलं की वाकायचं. एका रांगेत त्या खडकापासून पाण्याकडं सरकू लागल्या. देव पायांनी शोधणार? आमच्या घरी टाकाला चुकून पाय लागला तर दिवसभर उपास करतात! मी मायकडं पाहिलं. आता ही ओरडेल, थांबवेल. ती त्या रांगेकडं टक लावून बसली होती.

पहिली भवानी सापडली. जानकीच्याच अंगठ्याखाली. तिनं ती पदराला पुसली आणि पळत येऊन मायच्या ओंजळीत ठेवली. मासळीच्या वासासकट. मायनं टाक डोळ्यांना लावला. मग बहिरोबा, मग रेणुका, आणि बऱ्याच वेळानं, खूप खाली, खंडोबा. दर वेळी बाया आनंदानं ओरडायच्या, आणि दर वेळी माय आधी पाहायची, घोडा आहे का. खंडोबाच्या टाकावरही घोडा असतो. तो हाती आला तेव्हा क्षणभर तिचा चेहरा उजळला, आणि मग ती म्हणाली, "हा खंडेराव हाये." तिचा तो आवाज मला अजून ऐकू येतो.

पाचवा सापडला नाही. सूर्य बुडाला तेव्हा जानकी म्हणाली, "फाटफटी परत बघूया गे."

माय उठली. चारही देवांना विहिरीवर पाणी घातलं आणि ओल्या लुगड्याच्या पदरात बांधलं. मग सरळ जानकीच्या अंगणात गेली. तिथं दोऱ्यांवर मासळी टांगलेली होती. त्या दोऱ्यांखाली ती मांडी घालून बसली आणि म्हणाली, "बाई, खायाले काय हाये तुह्याकडं?"

मी थक्क होऊन पाहत राहिलो. जानकीनं उकड्या तांदळाची पेज आणि खोबऱ्याचा तुकडा आणून दिला. जी बाई बोटीवर दीड दिवस कशाला शिवली नाही, ती वाडगंभर पेज घटाघटा प्यायली आणि वाडगं पुन्हा पुढं केलं.

"काय पाहून राह्यला रे?" ती माझ्यावर खेकसली. "हिनं माहे देव मले काढून देल्ले. अन् मी इच्या घरचं खाऊ नाही? तूबी घे."

मी घेतली. वासानं पहिला घोट उलटून येत होता. दुसरा गोड लागला.

घरी

पहाटेच्या ओहोटीला बायांनी पुन्हा शोधलं. नाही सापडला. दोन दिवसांनी मुंबईला जाणाऱ्या एका गलबतात आम्हाला जागा मिळाली. निघताना मायनं आपल्या हातातलं चांदीचं कडं काढून जानकीच्या हातात घातलं आणि कानात काहीतरी सांगितलं. काय ते मला माहीत नाही.

जोशीबुवा लंका पाहून आले. सगळी पडल्यापडल्याच पाहिली असावी, पण अमरावतीत त्यांच्याभोवती माणसं जमतात. यादी पाहिजे तर त्यांच्याकडं जा.

मी बाळापूरच्या सोनाराला घरी बोलावलं, पाचवा टाक करून घ्यायला. या वेळी हुबेहूब करू, घोडा नको, बैलजोडी काढू, असं मी ठरवलं होतं. मायनं त्याला गूळ-पाणी देऊन परत पाठवलं. देव्हाऱ्यात चार टाक मांडले आणि पाचव्याची जागा तशीच मोकळी ठेवली. रोज सकाळी ती चौघांना पाणी घालते, त्या मोकळ्या जागेसमोर थांबते, "बसले का घोड्यावर? बसा," म्हणते आणि तांब्या खाली ठेवते. तिथं पाण्याचा थेंब सोडत नाही.

एकदा मी विचारलं, "माय, नुसतं बोलतं, पाणी काहून नाही घालत?"

ती चिडलीच माझ्यावर. "अजून पानी?" म्हणाली. "त्याले पानी लय झालं आता."